आघातावरचा उपचार लातूरपर्यंत कसा पोहोचेल?

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याने पहाटे निघाले, तर भरतीसाठी धावणारी मुले-मुली हमखास दिसतात. लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, आणि जालना, हिंगोली व छत्रपती संभाजीनगर येथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. पावसाचा भरवसा नसलेल्या या प्रदेशात गणवेश म्हणजे घरात दरमहा येणारा खात्रीचा पगार, त्यामुळे एकेका गावातून सैन्यात, पोलिसांत आणि अग्निशमन दलात गेलेली माणसे पुष्कळ आहेत. भरतीच्या दिवशी त्यांची उंची, छाती, धाव आणि नजर सगळे काटेकोरपणे मोजले जाते; मात्र पंधरा-वीस वर्षांनी तीच माणसे घरी परततात, तेव्हा त्यांनी मनात काय साठवून आणले आहे याची मोजदाद करणारी नीट व्यवस्था आपल्या भागात नाही.

मी लातूरमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे माजी सैनिक, पोलीस किंवा १०८ रुग्णवाहिकेवरचे पायलट (या सेवेत चालकाला पायलटच म्हणतात) कधीही 'मला मानसिक आघात झाला आहे' असे म्हणत नाहीत. झोप लागत नाही, डोके तापते, छातीत धडधडते, घरात लेकरांवर विनाकारण हात उचलला जातो, लग्नाच्या मांडवात बसवत नाही, अशा त्यांच्या तक्रारी असतात. बहुतेकांनी त्याआधी ईसीजी काढलेला असतो, रक्त तपासलेले असते आणि कुठून तरी झोपेची गोळी सुरू झालेली असते. या लेखात ज्यांचा उल्लेख येईल त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

या विकारावर, म्हणजे आघातोत्तर तणाव विकारावर, ज्याला सर्रास पीटीएसडी म्हटले जाते, परिणामकारक उपचार आज उपलब्ध आहेत. त्यांचा शोध लागून अनेक वर्षे झाली आहेत. ते उपचार माणसाच्या घराजवळ, त्याच्या भाषेत आणि चार लोकांना कळू न देता त्याच्यापर्यंत नेणे हे तंत्रज्ञानाचे खरे काम आहे असे मला वाटते, आणि त्यासाठी लागणारी साधने महाग असण्याचे कारण नाही. बहुतेक साधने त्या माणसाच्या खिशात आधीच आहेत.

शरीरात नेमके काय घडते ते आधी सांगते, कारण ते समजले की अर्धी लाज तिथेच गळून पडते, असा माझा अनुभव आहे. जिवावर बेतणाऱ्या प्रसंगात मेंदूतील अमिग्डाला हा भाग धोक्याची सूचना देतो, नॉरअ‍ॅड्रेनालिन हे शरीराला सावध करणारे रसायन उसळते, हृदय वेगाने धडकू लागते आणि शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. घडलेल्या गोष्टीला स्थळ आणि काळ चिकटवण्याचे, म्हणजे 'हे तिथे, तेव्हा घडले' अशी नोंद करण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचे असते. पराकोटीच्या भीतीत ती नोंद अर्धवट राहते. त्यामुळे बारा वर्षांपूर्वीचा स्फोट मेंदूच्या लेखी संपलेला नसतो. फटाक्यांची माळ, ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा बार, डिझेलचा वास, जळालेल्या रबराचा वास, यांपैकी काहीही समोर आले की तोच प्रसंग आत्ता घडत असल्यासारखा उभा राहतो, आणि कपाळाच्या मागचा विचार करणारा भाग त्या लाटेला आवर घालू शकत नाही. मग माणूस त्या त्या गोष्टी टाळू लागतो. टाळल्याने त्या क्षणी सुटका होते, पण 'आता यात धोका उरलेला नाही' हे शिकण्याची संधी मेंदूला मिळत नाही, आणि भीती वर्षानुवर्षे तशीच ताजी राहते.

अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. त्यापूर्वी पहिल्या महायुद्धात यालाच 'शेल शॉक' म्हटले जात होते, आणि तो अनेकदा भित्रेपणा समजला जात होता. आपल्या गावांत आजही तो समज पुरता गेलेला नाही.

एक निवृत्त हवालदार, ज्यांना मी काका म्हणते, त्यांची अडचण उसाची होती. शेतीला वीज रात्रीची असते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बॅटरी घेऊन रात्री उसाला पाणी द्यायला जावे, पाचट वाजावे, रानडुक्कर सरकावे, आणि काकांना वाटावे की कुणीतरी दबा धरून बसले आहे. ते जमिनीवर आडवे होत. कधी तास-तासभर तसेच पडून राहत. शेवटी त्यांनी उसाचे रान वाट्याने दिले आणि घरातले उत्पन्न घटले. घरच्यांनी त्याचा अर्थ आळस असा लावला. "ताई, घाबरलो असं कुणाला सांगावं? मिलिटरीतला माणूस हाय मी," एवढेच ते म्हणाले, आणि हे म्हणायला त्यांना किती वर्षे लागली असतील याचा विचार मी पुढे अनेकदा केला.

त्यांच्यासारख्यांसाठी जो उपचार सर्वांत भक्कम पुराव्यानिशी उभा आहे, तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एडना फोआ यांनी विकसित केलेला 'प्रोलाँग्ड एक्स्पोजर' हा. साधारण आठ ते पंधरा बैठका, प्रत्येक सुमारे दीड तासाची. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात माणूस डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडत असल्यासारखा, वर्तमानकाळात, तपशिलाने सांगतो. पुन्हा पुन्हा सांगतो. त्याच्या या कथनाचे ध्वनिमुद्रण केले जाते आणि ते त्याने दररोज घरी ऐकायचे असते. दुसऱ्या भागात टाळलेल्या गोष्टींची यादी करून प्रत्येकीला शून्य ते शंभर असा भीतीचा अंक द्यायचा आणि कमी अंकापासून एकेका गोष्टीला प्रत्यक्ष सामोरे जायचे. काकांच्या यादीत दिवसा उसाच्या बांधावर उभे राहणे खाली होते, संध्याकाळी मुलासोबत सरीतून चालणे मधे होते, आणि अमावास्येच्या रात्री एकट्याने पाणी देणे सर्वांत वर होते. एसटी स्टँडवरची गर्दी, गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे आणि लग्नातले फटाके यांनाही त्या यादीत आपापल्या जागा होत्या.

या उपचारात वापरायचे सर्वांत महत्त्वाचे यंत्र म्हणजे मोबाइलमधला ध्वनिमुद्रक. अमेरिकेच्या संरक्षण आणि माजी सैनिक विभागांनी २०१२ च्या सुमारास याच उपचारासाठी 'पीई कोच' नावाचे मोफत अ‍ॅप काढले, आणि त्याचे मुख्य काम बैठक मुद्रित करणे, घरी ऐकण्याची आठवण करून देणे आणि भीतीचे अंक नोंदवणे एवढेच आहे. हे काम साध्या फोनवर, मराठीत, आजच करता येते. घरात एकांत नसणे ही आपल्याकडची खरी अडचण आहे. दोन खोल्यांत सहा माणसे असताना स्वतःचा हुंदका कुठे ऐकायचा? काका ते मुद्रण पाण्याच्या मोटारीच्या खोपटात बसून, कानात हेडफोन घालून ऐकत. पहिले काही दिवस त्यांना त्रास वाढल्यासारखा वाटला, आणि तसे होऊ शकते हे आधी सांगणे आवश्यक असते, नाहीतर माणूस अर्ध्यातच उपचार सोडतो. म्हणूनच हा उपचार प्रशिक्षित व्यक्तीशिवाय, यूट्यूबवर पाहून, स्वतःचा स्वतः कुणी करू नये, असे मी आग्रहाने सांगते.

याच उपचाराचे अधिक झगमगीत रूप आभासी वास्तवाचे, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे, आहे. १९९० च्या दशकात अटलांटामध्ये बार्बरा रोथबॉम आणि सहकाऱ्यांनी व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांसाठी आभासी हेलिकॉप्टर आणि आभासी जंगल तयार केले. पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अल्बर्ट 'स्किप' रिझो यांच्या गटाने इराक आणि अफगाणिस्तानचे रस्ते उभे केले. डोळ्यांवर चष्मा, पायाखाली थरथरणारी फळी, नाकाशी धुराचा वास अशी ती 'ब्रेव्हमाइंड' यंत्रणा आहे. ज्याला तो प्रसंग डोळे मिटून आठवताच येत नाही, ज्याचे मन बधिर झाले आहे, त्याला यातून मदत होऊ शकते. परंतु २०१६ साली १६२ सेवारत अमेरिकी सैनिकांवर झालेल्या चाचणीत आभासी वास्तवाचा उपचार साध्या, डोळे मिटून करायच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही. उलट काही महिन्यांनंतरच्या तपासणीत साध्या उपचाराचा गट थोडा पुढे होता. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे एखाद्या जिल्हा रुग्णालयाला उद्या निधी मिळाला, तर तो चष्म्यांवर खर्च होण्याचा मोह मोठा आहे, कारण चष्म्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र निघते. त्याच पैशात मराठी बोलणारे दोन मानसशास्त्रज्ञ या उपचारात तयार झाले तर अधिक माणसे बरी होतील.

आता रात्रीविषयी. दिवसा बऱ्यापैकी सावरलेला माणूस रात्री पुन्हा तिथेच जाऊन पोहोचतो, आणि घरातली बाई त्याच्या शेजारी झोपायला घाबरते, कारण झोपेत त्याचा हात गळ्याशी येतो. अमेरिकेतील एका माजी सैनिकाच्या मुलाने, महाविद्यालयात शिकत असताना, वडिलांच्या दुःस्वप्नांसाठी मनगटी घड्याळावर चालणारा एक प्रोग्राम लिहिला. त्यातूनच पुढे 'नाइटवेअर' हे उपकरण विकसित झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. घड्याळ झोपेतील हृदयाचे ठोके आणि हालचाल टिपत राहते. दुःस्वप्न सुरू झाल्याची लक्षणे दिसली की मनगटावर हलकी थरथर देते, इतकी की स्वप्न मोडावे, पण झोप मोडू नये. तिथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते आणि इतर उपचारांच्या जोडीने वापरायचे असते.

या शोधामागची माया मला मनापासून भावते, तरी आपल्या भागासाठी मी आधी इतर गोष्टी सांगेन. दुःस्वप्न दिवसा जागेपणी कागदावर लिहायचे, त्याचा शेवट आपल्या मर्जीने बदलायचा आणि तो बदललेला प्रसंग रोज काही मिनिटे मनात घोळवायचा, ही साधी पद्धत अनेकांना उपयोगी पडते. औषधांच्या बाबतीत सेर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांना अमेरिकेत या विकारासाठी मान्यता आहे. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीकडून दुःस्वप्नांसाठी मोठी आशा होती, पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ३०४ माजी सैनिकांवरील चाचणीत ती आणि बिनऔषधी गोळी यांच्यात फरक दिसला नाही. काही डॉक्टर निवडक रुग्णांना ती आजही देतात, आणि तो निर्णय त्यांचाच आहे. पण मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी आणि सोबत कॅन्टीनची रम हे जे मिश्रण मी वारंवार पाहते, त्याबद्दल मात्र शंकेला जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तीव्र तणावाची लक्षणे कमी करण्यासाठी प्रौढांना बेन्झोडायझेपाइन गटातील गोळ्या देऊ नयेत, आणि अल्प्राझोलाम याच गटातली आहे. दारूसोबत त्या घेणे तर श्वासावर बेतू शकते.

माजी सैनिकांचा आघात निदान लोकांना कल्पनेने तरी कळतो. पोलीस, अग्निशमन जवान आणि रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर व पायलट यांच्याबाबतीत 'त्यांचे रोजचेच काम आहे' असे म्हणून विषय संपवला जातो. ८ मे २०२० च्या पहाटे जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या दरम्यान, करमाडजवळ, रुळांवर झोपलेल्या १६ स्थलांतरित मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला, तेव्हा देश हळहळला. ते अवशेष उचलून एकत्र करण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले त्यांचे पुढे काय झाले, असे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळच्या अपघातात १२ जण गेले. महामार्गावर प्रत्येक मोठ्या अपघाताची बातमी होते, पण त्याच पायलटने त्याच आठवड्यात उचललेली बाकीची माणसे बातमीत नसतात. २०१३ साली निघालेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने ही गोष्ट प्रथमच स्पष्टपणे नोंदवली: कामाचा भाग म्हणून आघाताच्या भीषण तपशिलांशी वारंवार सामना होणे हेदेखील या विकाराचे कारण ठरू शकते, आणि त्यासाठी दिलेले पहिले उदाहरणच मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्त्यांचे आहे.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण इथे टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतील तज्ज्ञांनी त्या गावांत जाऊन भूकंपग्रस्तांच्या मनःस्थितीचा अभ्यास केला, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, भूकंपरोधक घरे उभी राहिली. परंतु लष्कराचे जवान येण्याआधी आणि आल्यानंतरही हातांनी दगड उपसणारी आसपासच्या गावांतली तरुण मुले, पावसात सामूहिक चिता रचणारे पोलीस आणि होमगार्ड, यांची विचारपूस तेवढ्या आस्थेने झाली नाही. ती मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यातील काहींना मी भेटले आहे. सप्टेंबरच्या अखेरीला पाऊस लागला की ते घराबाहेर, अंगणात खाट टाकून जागतात.

अशा मोठ्या घटनेनंतर करायचे काय, याबाबत विज्ञानाने एक जुना समज मोडीत काढला आहे. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून प्रत्येकाकडून प्रसंग सविस्तर वदवून घ्यायचा, ही पद्धत १९८० च्या दशकापासून जगभर अग्निशमन आणि पोलीस दलांत रूढ झाली होती. पुढे चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा अशी एकच बैठक आघातोत्तर विकार टाळू शकत नाही आणि काहींच्या बाबतीत हानीही करू शकते, असे दिसून आले. पहिल्या दिवसांत हवे असते ते सुरक्षित ठिकाण, जेवण, आंघोळ, झोप, घरच्यांशी फोन, आणि बोलावेसे वाटले तर ऐकून घेणारा माणूस. बहुसंख्य लोक काही आठवड्यांत आपोआप सावरतात. जे सावरत नाहीत त्यांना महिन्याभराने शोधून काढणे हे खरे काम आहे.

या संदर्भात ऑक्सफर्डमधील एक प्रयोग मला विशेष वाटतो. एमिली होम्स यांच्या गटाने रस्ते अपघातानंतर सहा तासांच्या आत आपत्कालीन विभागात असलेल्या ७१ रुग्णांपैकी निम्म्यांना तो प्रसंग थोडक्यात आठवायला लावून नंतर सुमारे वीस मिनिटे टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांना आपोआप डोळ्यांपुढे येणारी दृश्ये दुसऱ्या गटापेक्षा बरीच कमी दिसली. दृश्य आठवणे आणि ठोकळे डोळ्यांनी फिरवणे यांना मेंदूची एकच क्षमता लागते, त्यामुळे आठवण पक्की होण्याच्या काळात खेळाने त्या क्षमतेचा वाटा घेतला, असे त्यामागचे तर्कशास्त्र आहे. पुढे कोविडकाळात अतिदक्षता विभागात काम केलेल्या कर्मचाऱ्यांवरही याच धर्तीचा प्रयोग झाला. हे अभ्यास लहान आहेत आणि कुणी याला रामबाण समजू नये. तरी पाळी संपवून रुग्णवाहिका धुऊन झाल्यावर बाकड्यावर एकटा बसलेला पायलट मोबाइलवर काहीतरी खेळत असेल, तर त्याला निष्काळजी म्हणण्याआधी वरिष्ठांनी थांबावे, एवढे मी नक्की म्हणेन.

महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात एकही नाही. जालन्यात असे रुग्णालय उभारण्यास शासनाने मान्यता दिली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आहे, अंबाजोगाईत आहे, पण दर आठवड्याला दीड तासाची बैठक, सलग तीन महिने, हे त्या बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत कसे बसणार? आणि लष्कराची मोठी रुग्णालये पुण्याला आहेत, लातूरपासून तीनशेहून अधिक किलोमीटरवर. इथे व्हिडिओवरून उपचाराचा पर्याय आपोआप पुढे येतो, आणि तो दुय्यम नाही. हवाई बेटांवर विखुरलेल्या १२५ माजी सैनिकांवर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आघाताशी जोडलेल्या विचारांवर काम करणारा गटउपचार व्हिडिओवरून दिला असता समोरासमोर दिलेल्या उपचाराइतकाच परिणाम मिळाला. समुद्राच्या जागी आपल्याकडे खड्ड्यांचा रस्ता आणि चुकलेली एसटी आहे, एवढाच फरक.

आपल्याकडे सुरुवात झालेली आहे. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही उपलब्ध आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांशी संबंधित लोकांसाठी टेलिमानसचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. या क्रमांकाबद्दल मी सांगते तेव्हा पहिला फोन बहुधा पत्नी करते, नवरा नाही. तिने केला तरी चालतो. तिला स्वतःलाही मदत लागते, कारण रात्र तिनेही तितकीच जागलेली असते. तातडीचा आधार आणि पुढचा रस्ता दाखवणे हे अशा सेवेचे बळ आहे. तीन महिने एकाच मानसशास्त्रज्ञाने सलग उपचार करणे ही त्यापुढची पायरी आपल्याला बांधावी लागेल, आणि त्यासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दार लागणारी एक खोली, एक बऱ्यापैकी पडदा आणि टिकणारे इंटरनेट पुरे आहे. घरात एकांत नसणाऱ्यासाठी ती खोलीच खरा दवाखाना ठरेल.

लोक बोलत नाहीत, यावरही काही अभ्यास झाला आहे. सदर्न कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 'एली' नावाची आभासी मुलाखतकार तयार केली होती. अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी लष्कराच्या अधिकृत अर्जात जी लक्षणे लिहिली नव्हती, ती त्यांनी पडद्यावरच्या या एलीला सांगितली. तिच्याकडे बढती रोखण्याचा अधिकार नव्हता आणि ती कुणाकडे कुजबुजणार नव्हती. माझ्याकडे येणारे पोलीस शिपाई दुचाकी दोन गल्ल्या अलीकडे लावून चालत येतात, तेव्हा मला त्या अभ्यासाची आठवण होते. म्हणून मी कुठल्याही यंत्राविषयी पहिला प्रश्न हाच विचारते की नोंद कुणाकडे जाते. मनगटी घड्याळातली झोपेची नोंद ठाणेदाराच्या टेबलावर जाणार असेल, तर ते घड्याळ दुसऱ्याच दिवशी खुंटीला लागेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि तो हक्क अ‍ॅपमध्येही शाबूत राहिला पाहिजे. सध्या तरुण जवान रात्री दोन वाजता एखाद्या गप्पा मारणाऱ्या बॉटशी मन मोकळे करताना दिसतात. एकटेपणात तेवढाही आधार मी नाकारत नाही, परंतु बॉट निदान करत नाही, उपचार करत नाही, आणि आत्महत्येचा विचार मनात असेल तर माणसाचाच आवाज हवा. त्यासाठी १४४१६ आहे, आणि जीव तात्काळ धोक्यात असेल तर ११२.

एक सूचना मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी मांडणार आहे, ती इथेही लिहिते. निवृत्तिवेतनधारक बहुतेक माजी सैनिक दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी कुठे ना कुठे येतातच. सेतू केंद्रावर अंगठा देतात, बँकेत रांग लावतात. या विकाराच्या प्राथमिक चाचणीत फक्त पाच प्रश्न असतात आणि प्रत्येकाचे उत्तर हो किंवा नाही. गेल्या महिन्यात त्या प्रसंगाची दुःस्वप्ने पडली का किंवा नको असताना तो आठवला का. त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळल्या का. सतत सावध राहिलात, दचकलात का. माणसांपासून, कामापासून तुटल्यासारखे वाटले का. घडलेल्याबद्दल स्वतःला किंवा इतरांना दोष देणे थांबवता आले नाही का. हे प्रश्न गावच्या बोलीत समजतील अशा मराठीत उतरवून, तज्ज्ञांकडून तपासून घेऊन, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी आवाजात भरून, माणसाने स्वतःच्या मोबाइलवर एकट्याने उत्तरे द्यावीत आणि निकाल फक्त त्यालाच दिसावा. तीन किंवा अधिक उत्तरे 'हो' आली तर तिथेच फोन जोडण्याचे एक बटण असावे. १०८ च्या पायलटांसाठी आणि अग्निशमन केंद्रांसाठी हेच मोठ्या घटनेनंतर महिन्याभराने करता येईल, आणि त्या बटणापलीकडे मराठी बोलणारा, हा उपचार शिकलेला माणूस बसलेला असेल याची तजवीज आधी करावी लागेल. जालना, हिंगोली, चाकूर आणि मुदखेड येथे या दलांचे स्वतःचे परिसर, वर्गखोल्या आणि वैद्यकीय कर्मचारी आहेत. प्रशिक्षण तिथूनच सुरू करता येईल.